तेल किती निघालं ते छापलंत, वर आलेल्या पाण्याचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेच्या शेल तेलावरचा, म्हणजे घट्ट दगड फोडून काढलेल्या तेलावरचा, पानभर लेख वाचला. दोनदा वाचला. आकडे दिलेत, नकाशाही चांगला छापलाय. पण अख्ख्या पानात 'पाणी' हा शब्द एकदाच आला, तोही 'पाणी, वाळू व रसायने यांचे मिश्रण' एवढ्यापुरता. मी बत्तीस वर्षं बोअर मारायच्या धंद्यात काढली आहेत. जमिनीला भोक पाडायचं म्हटलं की पाण्याची गोष्ट एका ओळीत उरकत नाही, म्हणून हे पत्र. लांबलंय खरं. कात्री लावायची तर लावा, फक्त पाण्याच्या भागाला लावू नका.

मी औशाचा. १९८७ साली दुसऱ्याच्या बोअरगाडीवर रॉड जोडणारा पोऱ्या म्हणून लागलो, पुढे तिरुचेंगोडहून स्वतःची गाडी आणली आणि २०१९ साली विकून टाकली. वह्या काढून मोजले तर पाच-साडेपाच हजार बोअर भरतील. त्यातले कोरडे किती गेले ते विचारू नका.

आधी एक दुरुस्ती. 'हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंग हे भारतीयांना सर्वस्वी अपरिचित तंत्र' असं वाक्य लेखात आहे. हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंग म्हणजे दाबाने पाणी मारून दगडात भेगा पाडणं. आमच्याकडच्या कुठल्याही ग्रामसेवकाला विचारा. हातपंपाचा बोअर आटला की भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची गाडी येते, आत रबरी पॅकर उतरवून ठरावीक पट्टा बंद करते आणि दाबाने पाणी सोडते. दगडातल्या बुजलेल्या भेगा मोकळ्या होतात आणि नशिबात असेल तर हातपंप पुन्हा पाणी धरतो. सरकारी कागदावर याला 'जलभंजन' म्हणतात. टँकर-दोन टँकरचं काम. साधं पाणी, वाळू नाही की औषध नाही. तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. भांडण आहे ते आकाराचं.

तो आकार मी डोळ्यांनी पाहिला. आमची धाकटी लेक पश्चिम टेक्सासमध्ये मिडलंडला रुग्णालयात नर्स आहे. जावई तेलाच्या विहिरींना पंप पुरवणाऱ्या एका कंपनीत. ऑक्टोबर २०२२ ते मार्च २०२३ मी आणि सौ. तिच्याकडे होतो. विमानतळावरून घरी जाताना खिडकीबाहेर पाहिलं आणि सौ.ला म्हणालो, अगं ही तर आपली वेडी बाभूळ! तिकडे तिला मेस्किट म्हणतात, जात जवळजवळ तीच, काटेही तसेच. त्या बाभळीच्या रानात जिकडे पाहावं तिकडे लोखंडी पंप खालीवर माना हलवत उभे. दारावर नंदीबैल घेऊन येणारा 'पाऊस पडंल का?' विचारतो आणि बैल मान डोलावतो, अगदी तशी मान. फरक इतकाच, की आपला नंदीबैल सुगीत एकदा येतो आणि हे रात्रंदिवस 'हो, हो' म्हणत असतात.

या भागाला पर्मियन खोरं म्हणतात. टेक्सास आणि शेजारचं न्यू मेक्सिको मिळून रोजचं साठ लाख पिंपांच्या आसपास तेल इथून निघतं, म्हणजे अमेरिकेच्या एकूण तेलाच्या जवळपास निम्मं. २००८ मध्ये अख्खी अमेरिका रोज पन्नास लाख पिंपं काढत होती, २०२४ मध्ये एक कोटी बत्तीस लाख. हे आकडे तुमच्या लेखातही आहेत आणि ते खरेच थक्क करणारे आहेत. एका रविवारी जावयाने काम चालू असलेल्या ठिकाणी कच्च्या रस्त्याला गाडी उभी केली. आत सोडत नाहीत, कुंपणाबाहेरूनच पाहिलं. वीसेक पंप-ट्रक रांगेने उभे, एकेकावर रेल्वेला शोभेल असं इंजिन, सगळ्यांचे पाइप एका ठिकाणी येऊन विहिरीच्या तोंडाला जोडलेले. मी चप्पल काढून जमिनीवर पाय ठेवला. तळव्याला मुंग्या आल्या.

माझा सर्वांत खोल बोअर नऊशे फुटांचा, २०१६ च्या उन्हाळ्यातला. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ते साल. (भूजल कायद्यात साठ मीटरची, म्हणजे दोनशे फुटांची मर्यादा लिहिली आहे. ती कोणी पाळली, हे मी कोणत्या तोंडाने सांगू?) इथे नऊ-दहा हजार फूट सरळ खाली जायचं, मग काटकोनात वळायचं आणि दोन मैल आडवं. शेल म्हणजे कोट्यवधी वर्षं दबलेल्या चिखलाचा पापुद्र्यांचा दगड. त्यात तेल असतं, पण वाहत नाही, कारण भोकाभोकांमध्ये वाटच नसते. म्हणून आडव्या पाइपला टप्प्याटप्प्याने छिद्रं पाडून प्रचंड दाबाने पाणी मारायचं, भेगा पाडायच्या, आणि भेग मिटू नये म्हणून तिच्यात वाळू ठासायची. एका विहिरीला एक ते दोन कोटी गॅलन पाणी. आपल्या हिशेबात सांगतो: दुष्काळात गावात येणारा दहा हजार लिटरचा टँकर धरा, चार ते साडेसात हजार खेपा. वाळू आठ-दहा हजार टन. गोदावरीच्या पात्रात रात्रीतून वाळू उपसणारे आमचे लोक हा आकडा ऐकून हात जोडतील.

आणि एवढं करून पहिल्याच वर्षात विहिरीचं तेल निम्म्याहून खाली येतं. मग शेजारी दुसरी, तिसरी. लेखात 'अक्षय्य साठा' असा शब्द आहे. रोज नवा बोअर मारला तरच नळाला पाणी येतं, असल्या घराला आमच्याकडे अक्षय्य म्हणत नाहीत.

मध्येच एक गंमत सांगतो. हे तंत्र खऱ्या अर्थाने जमवलं ते जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने, डॅलसजवळच्या बार्नेट शेलमध्ये, १९९७-९८ च्या सुमाराला. आधी सगळे घट्ट जेली वापरायचे, यांनी पाणी पातळ ठेवून पाहिलं आणि ते लागू पडलं. ती जेली कशाची असते ठाऊक आहे? गवारीच्या बियांच्या पिठाची! आपण देठ मोडून, शिरा काढून भाजी करतो तीच गवार. पुढे तेलाच्या विहिरींचं पेव फुटलं तेव्हा जेलीला एवढी मागणी आली, की राजस्थानातल्या गवार बियांचे भाव क्विंटलला तीस हजारांवर गेले आणि मार्च २०१२ मध्ये सरकारला वायदेबाजार थांबवावा लागला. नंतर पुन्हा पातळ पाण्याचाच जोर वाढला, स्वस्त रसायनं आली आणि भाव कोसळले. दुसऱ्या वर्षी हौसेने गवार पेरणाऱ्यांचं काय झालं असेल, ते कांदा-सोयाबीनवाल्यांना सांगायला नको.

आता मूळ मुद्दा.

लेकीच्या शेजारी पंचाहत्तरी ओलांडलेला एक म्हातारा राहतो. हयात 'पंपर' म्हणून गेलेली. म्हणजे रोज पिकअप घेऊन पन्नास-साठ विहिरींवर फेरी मारायची, टाकीतलं तेल मोजायचं, गळती पाहायची. त्याचं इंग्रजी मला कळेना, माझं त्याला. पण भोकांचं दोघांनाही कळत होतं. एकदा त्याच्या ओसरीवर बसलो असताना मी लेकीमार्फत विचारलं, तेलाबरोबर पाणी किती येतं? त्याने आतून कागदी पेले आणले. एक समोर ठेवला, म्हणाला, तेल. मग त्याच्या शेजारी एक, दोन, तीन, चार पेले मांडले. हे पाणी.

ते पाणी आपण ढकललेलंच परत येतं असं नाही. खडकात मुळात समुद्राचं जुनं पाणी अडकलेलं असतं, तेही तेलाबरोबर वर येतं. समुद्रापेक्षा तिप्पट-चौपट खारट, तेलकट, किरणोत्सारी क्षारही असतात. पर्मियन खोऱ्यात असं पाणी रोज दोन कोटी पिंपांच्या वर निघतं. लिटरमध्ये तीनशे कोटींहून जास्त. मुंबई महापालिका रोज साऱ्या मुंबईला सुमारे चारशे कोटी लिटर पाणी पुरवते. म्हणजे मुंबईच्या रोजच्या पाण्याच्या पाऊणपट, पिता न येणारं, शेताला सोडलं तर शेत मारणारं पाणी. ते ठेवायचं कुठं?

थोडं पुढच्या विहिरी फोडायला वापरतात, आणि ही चांगली गोष्ट आहे. बाकीचं परत जमिनीत. त्यासाठी वेगळे बोअर मारतात, त्यांना खाऱ्या पाण्याच्या विहिरी म्हणतात. मी आयुष्यभर जमिनीतून पाणी काढण्यासाठी भोकं पाडली. पाणी जिरवायचे बोअरही मारले, छतावरचं पावसाचं. पण नको असलेलं पाणी लपवायला भोक, हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला.

१६ डिसेंबर २०२२, शुक्रवार. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सौ. देवापाशी दिवा लावत होती, मी टीव्हीसमोर. आधी गुरगुर ऐकू आली, मग देव्हाऱ्यातली छोटी घंटा आपोआप किणकिणली आणि मांडणीवरच्या स्टीलच्या वाट्या एकमेकींवर आपटायला लागल्या. सौ.ने दिवा तसाच टाकला आणि माझा हात धरून मला दाराबाहेर ओढलं. लेक आतून ओरडत होती, आई काही नाही होत, इथे होतं असं! पण आम्ही दोघं अंगणात उभे, थंडीत, अनवाणी. किल्लारी आमच्याच तालुक्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आम्ही दोघांनी काय पाहिलं, ते इथे लिहीत नाही. पुढे वर्ष-दीड वर्ष पुनर्वसनाच्या गावांत मीच बोअर मारत होतो. रॉड खाली जाताना आजूबाजूला उभी असलेली माणसं जमिनीकडे कशी बघायची ते मला माहीत आहे.

तो धक्का पाचाच्या वरचा होता. महिनाभर आधी, १६ नोव्हेंबरला, पश्चिमेकडे मेंटोनजवळ ५.४ चा झाला होता. किल्लारी नैसर्गिक होती. तिकडचे हे धक्के बहुतांशी माणसाने आणलेले आहेत, असं तिथलेच भूकंपशास्त्रज्ञ सांगतात. खोलवर ढकललेल्या पाण्याचा दाब जुन्या भ्रंशांपर्यंत, म्हणजे खडकातल्या जुन्या तड्यांपर्यंत, पोचतो आणि अडकून बसलेला खडक सरकतो. महाराष्ट्राला हे नवीन वाटायला नको. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि धरणातलं पाणी यांचा संबंध आपल्याकडे इतकी वर्षं अभ्यासला जातोय, कराडला त्यासाठी संस्था आहे, कोयनेजवळ तीन किलोमीटरचा बोअर त्याचसाठी मारलाय. टेक्सासच्या शेजारी ओक्लाहोमात तर २०१५ या एका वर्षात तीनच्या वरचे नऊशे धक्के बसले, जिथे पूर्वी वर्षाला एखाद-दुसरा बसायचा. ३ सप्टेंबर २०१६ ला पॉनीचा ५.८ चा धक्का बसल्यावर तिथल्या सरकारने पाणी ढकलण्यावरचा लगाम आणखी आवळला आणि धक्के कमी होत गेले. दाब कमी केला, धक्के उतरले. मेकॅनिकला यापेक्षा जास्त पुरावा लागत नाही.

टेक्सासमध्ये तेलावर देखरेख करणाऱ्या खात्याचं नाव रेल्वे आयोग. हसू नका, खरंच. १८९१ ला रेल्वेसाठी स्थापन झालं, पुढे तेल सांभाळायला लागलं आणि रेल्वेशी उरलासुरला संबंध २००५ ला संपला तरी नाव तेच राहिलं. या आयोगाने २०२१ च्या डिसेंबरमध्ये मिडलंड आणि ओडेसा यांच्या मधल्या गार्डनडेल पट्ट्यात खोल पाणी ढकलणं बंद करवलं. बरं केलं. मग पाणी कुठं गेलं? उथळ थरांत.

आणि इथे माझ्यातला बोअरवाला सावध झाला. पर्मियनमध्ये १९२० च्या दशकापासून भोकं पाडताहेत. त्या जमिनीची चाळणी झालेली आहे. कित्येक बोअर नीट बुजवलेले नाहीत, कित्येकांचा कागद नाही. उथळ थरात दाबाने पाणी भरायला लागलात तर ते वर यायला वाट शोधणार, आणि वाट तयार आहे. जानेवारी २०२२ मध्ये क्रेन परगण्यात एका जुन्या मेलेल्या विहिरीतून खाऱ्या पाण्याचा शंभर फुटी फवारा कित्येक दिवस उडत होता. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये टोया नावाच्या खेड्याजवळ तसंच झालं. खोल टाकलं तर जमीन हलते, उथळ टाकलं तर जुन्या भोकांतून वर येतं. हे कोडं अजून तिथल्या मोठमोठ्या इंजिनिअरांना सुटलेलं नाही.

परत यायच्या आधी म्हाताऱ्याने आम्हाला एक तळं दाखवायला नेलं. मिडलंडहून दीडेक तासावर, इंपिरियल गावाजवळ. लेक बोमर. काच खाली करायच्या आधीच सडक्या अंड्याचा वास आला. पाण्याच्या काठाने मिठाचा पांढरा थर, त्यात उभी वाळलेली झुडपं, पक्ष्यांचा आवाज नाही. साठेक एकरांचं हे तळं एका बोअरच्या पाण्याने झालंय. १९४०-५० च्या दशकांत तिथे तेलासाठी बोअर मारले, तेल लागलं नाही, पाणी लागलं. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे ते पाण्याचे बोअर म्हणून जमीनमालकाच्या नावावर केले आणि तेलवाले निघून गेले. कालांतराने केसिंग (बोअरची भिंत धरून ठेवणारा पाइप) सडली आणि खालचं खारं, वायू मिसळलेलं पाणी वर वाहायला लागलं. रेल्वे आयोग म्हणतो, हा तेलाचा बोअर नव्हे, पाण्याचा आहे, आमच्याकडे येत नाही. स्थानिक भूजल मंडळ म्हणतं, हे बुजवायला लागणारा पैसा आमच्याकडे नाही.

मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. म्हाताऱ्याने लेकीला विचारलं, तुझा बाप काय बघतोय?

सांगतो काय बघत होतो. २००५ साली एका गावात (नाव सांगत नाही) मी एका शेतकऱ्याचा बोअर मारला. वरचा साठ फूट मुरूम ढिसूळ, साठ फूट केसिंग घालायला हवी होती. त्याच्याकडे पैसे नव्हते आणि मला दुसऱ्या दिवशी दुसरीकडे पोचायचं होतं. वीस फूट घातली. दोन इंच पाणी लागलं, त्याने नारळ फोडला, पेढे दिले, मी गेलो. बोअरपासून हाकेच्या अंतरावर उकिरडा होता. पावसाळ्यात वरचं पाणी उघड्या मुरमातून बोअरमध्ये उतरलं आणि खालच्या भेगेने वस्तीवरच्या हातपंपाला जाऊन मिळालं. पाण्याला वास यायला लागला. त्या पावसाळ्यात वस्तीवरच्या दोन लेकरांना कावीळ झाली. त्या बोअरमुळेच झाली असं कोणी सिद्ध केलं नाही. सिद्ध करायला कोणी आलंही नाही. मला माहीत होतं. चाळीस फूट पाइपाचे पैसे वाचले होते.

म्हणून मी 'शेल म्हणजे विष' असं ओरडणाऱ्यांच्याही गावचा नाही. तिकडची केसिंग मी पाहिली. गोड्या पाण्याच्या थरापर्यंत वेगळा पाइप, त्याच्याभोवती तळापासून वरपर्यंत सिमेंट, त्याच्या आत पुन्हा पाइप, पुन्हा सिमेंट. असं काम आमच्या हातून कधी झालं नाही. ते नीट केलं तर नऊ हजार फुटांवरची भेग वरच्या गोड्या पाण्यापर्यंत येत नाही, हे मला पटतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा २०१६ चा अहवालही साधारण तेच सांगतो: पिण्याच्या पाण्याला बाधा काही परिस्थितींत होते, आणि त्या परिस्थिती कोणत्या? केसिंग-सिमेंट कच्चं असणं, सांडलवंड, सांडपाण्याची वाईट विल्हेवाट. म्हणजे पुन्हा कोणीतरी पाइपाचे पैसे वाचवणं. एका तालुक्यात पाच बोअर असतील तर पाचही चांगले मारता येतात. पाच हजार असतील आणि गाडीला उद्या दुसरीकडे पोचायचं असेल, तर काय होतं ते मी केलेलं आहे.

तिथले लोक हे सगळं का चालवून घेतात, हे लेखात नाही आणि ते सांगितल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. तिकडे जमिनीवरचा हक्क वेगळा आणि खालच्या खनिजाचा वेगळा, आणि दोन्ही खाजगी. ज्याच्या नावावर खालचं आहे त्याला तेलाच्या उत्पन्नाचा आठवा ते चौथा हिस्सा घरपोच येतो. सातबारा एकाचा आणि त्या खालचं तेल दुसऱ्याच्याच आजोबाने विकलेलं, असंही सर्रास आहे. मग वरच्याला फक्त धूळ आणि ट्रक. डेंटन या गावाने २०१४ च्या नोव्हेंबरात मतदान करून गावाच्या हद्दीत असलं काम बंद केलं. सहा महिन्यांत राज्य सरकारने कायदा करून गावांचा तो अधिकारच काढून घेतला. आपल्या ग्रामसभांचे ठराव वरून कसे फिरवले जातात ते आठवलं.

पैशाचंही एक सांगतो. २० एप्रिल २०२० ला अमेरिकन तेलाचा वायदा उणे ३७ डॉलरवर गेला, म्हणजे तेल न्या आणि वर पैसेही घ्या. त्या उन्हाळ्यात जावयाची नोकरी गेली. घर घेऊन सहा महिने झाले होते. आठ महिने लेकीच्या नर्सच्या पगारावर हप्ते भरले. आज तो पुन्हा कामावर आहे, पगार उत्तम आहे, आणि या तेलाने माझ्या नातवाच्या शाळेचा खर्च चालतो हे लिहिलं नाही तर मी खोटारडा ठरेन. रात्री त्यांच्या गच्चीतून क्षितिजावर वायू जाळणाऱ्या ज्वाळा दिसायच्या. पाइपलाइन अपुरी, म्हणून तेलाबरोबर येणारा वायू पेटवून द्यायचा. सौ. रोज म्हणायची, औशात सिलिंडर हजाराच्या वर गेलाय आणि इथे बघा. त्यातला काही वायू आपल्याकडे येतोही. ३० मार्च २०१८ ला 'गेल' या आपल्या सरकारी वायू कंपनीच्या दीर्घ कराराचं पहिलं जहाज लुइझियानातल्या सबाइन पासहून दाभोळला लागलं. तेव्हा हे दूरच्या देशाचं लफडं आहे, आपला काय संबंध, असंही मी म्हणत नाही.

लेखाच्या शेवटी लेखक विचारतात, 'भारत मागे का?' आपल्याकडे २०१३ पासून ओएनजीसी आणि ऑइल इंडियाला शेल शोधायची परवानगी आहे. गुजरातेतल्या खंबायतच्या खोऱ्यात बोअर मारून पाहिलेत. पुढे वेग घ्यायचा तर घ्यावा, तज्ज्ञांनी ठरवावं. पण त्या खोऱ्यावर मेहसाणासारखे जिल्हे बसलेत, जिथे आधीच भूजल पार खोल गेलंय आणि वर येतं त्यात फ्लोराईड असतं. तिथल्या शेतकऱ्याला तेलाची रॉयल्टी मिळणार नाही, ती सरकारकडे जाते. त्याला मिळणार जागेचं भाडं आणि शेजारी खाऱ्या पाण्याची विहीर. पुढच्या लेखात लेखकांनी किती तेल मिळेल याबरोबर एवढं जरूर लिहावं: एका विहिरीला लागणारे चार हजार टँकर कुठल्या धरणातून, वर येणारं खारं पाणी कोणत्या थरात, तो थर कोणी तपासला, आणि विहीर मेल्यावर बुजवायचा पैसा आधीच कोणाच्या खात्यात ठेवला. अमेरिकेने बेवारस विहिरी बुजवायला २०२१ च्या कायद्यात ४७० कोटी डॉलर काढले. एकट्या टेक्सासच्या यादीत अशा आठ हजारांवर आहेत. हा खर्च कंपन्यांच्या खिशातून गेलेला नाही.

आपल्याकडे उघड्या बोअरमध्ये लेकरं पडायला लागली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाला २०१० साली सांगावं लागलं, की बाबांनो, कोरडा गेलेला बोअर बुजवा. मीही तोवर दगड आणि पोतं ठेवूनच निघत होतो.

आपला,
एक जुना वाचक
(निवृत्त बोअरवाला, औसा, जि. लातूर)

ता. क. : नकाशाखाली आपण मिडलंडच्या परिसराला 'निर्जन वाळवंट' म्हटलंय. गावात एक लाख तीस हजारांवर माणसं आहेत आणि गावाबाहेर पडलं की कापूस आहे, कोरडवाहूसुद्धा. तेलाच्या पंपाला वळसा घालून तास ओढलेले असतात. बांधावरून उचललेलं एक बोंड मी बॅगेतून आणलंय. आमच्या बोंडाहून थोडं लहान भरतं.